सौर सेलवरचा एआरसी: सिम्युलेशन करताना या चुका टाळा

सिलिकॉन सेलवर एआरसी, म्हणजे परावर्तन कमी करणारा लेप, म्हणून सिलिकॉन नायट्राइडचा 75 नॅनोमीटरचा थर द्यायचा, हे अंतिम वर्षाच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. हे 75 आले कुठून, असं विचारलं की सगळे माना खाली घालतात. 600 नॅनोमीटर तरंगलांबीला आधी 4 ने भागा, मग थराच्या अपवर्तनांकाने, म्हणजे 2 ने. झालं. रत्नागिरी-चिपळूणकडच्या मुलांचे प्रोजेक्ट बघताना मी आधी हा भागाकार कागदावर करून घेतो. एकाने 'जरा जाड बरा' म्हणून 150 टाकले होते. त्या जाडीला 600 नॅनोमीटरवर थर असून नसल्यासारखाच, परावर्तन पुन्हा कोऱ्या सिलिकॉनइतकं, सुमारे 35 टक्के.

पण माझं खरं दुखणं आहे काचेचं. किनाऱ्यावरचं कॉलेज म्हटलं की 'पॅनेलवर मिठाचा परिणाम' हा विषय कुणीतरी घेतोच. अशाच एकाने हवा, मिठाचा दोन मायक्रॉनचा थर, 3.2 मिलिमीटर काच, ईव्हीए (काच आणि सेल चिकटवणारं प्लास्टिक), नायट्राइड, सिलिकॉन अशी सगळी उतरंड ट्रान्सफर मॅट्रिक्समध्ये, म्हणजे थरांतलं व्यतिकरण धरून परावर्तन काढण्याच्या गणितात घातली. आलेख आला करवतीसारखा. मीठ काढलं की दाते हलायचे. "सर, हा मिठाचाच परिणाम," म्हणून त्याने त्यावर अख्खं प्रकरण लिहून आणलं. मी म्हटलं, "अरे, मिठाला हात लावू नकोस, फक्त तरंगलांबीची पायरी 10 ऐवजी 7 नॅनोमीटर कर." दाते पुन्हा हलले!

घडलं होतं ते असं. एवढ्या जाड काचेत दोन लागोपाठच्या व्यतिकरण पट्ट्यांमधलं अंतर 600 नॅनोमीटरजवळ जेमतेम 0.04 नॅनोमीटर भरतं. 10 नॅनोमीटरच्या पायरीने मोजलं तर हाती येतात ते कुठलेही बिंदू, आणि त्यांना जोडलेली रेघ आपण निष्कर्ष म्हणून छापतो. खऱ्या उन्हात या पट्ट्या दिसतच नाहीत. सूर्यप्रकाशाची सुसंगती, म्हणजे लहरींचा आपसातला ताळमेळ, इतक्या जाडीला पुरत नाही. मीठही काचेवर सपाट पापुद्रा धरून बसत नाही, त्याचे कण विखुरलेले असतात आणि ते प्रकाश विखुरतात. सॉफ्टवेअरमध्ये 'इनकोहेरंट' (व्यतिकरण न धरणाऱ्या) थराची सोय असेल तर काच आणि ईव्हीएला ती लावा. मी तेवढंही करत नाही. प्रकाश 1.5 अपवर्तनांकाच्या माध्यमातूनच येतोय असं धरतो आणि काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे 4 टक्के वेगळे वजा करतो. प्रकरण फाडायला लागलं तेव्हा पोराचा चेहरा पडला, पण आलेख गुळगुळीत करून देणारं बटण शोधण्यापेक्षा ते बरं.

काचेखाली गेल्यावर आदर्श अपवर्तनांक हवेतल्या 2 वरून 2.4 च्या आसपास सरकतो. म्हणून लगेच 2.4 टाकू नका: तितकं सिलिकॉन भरलेलं नायट्राइड निळा प्रकाश स्वतःच गिळतं. नुसता एन (अपवर्तनांक) भरून के (शोषणाचा आकडा) शून्य ठेवणाऱ्याला हा तोटा दिसणारच नाही. पीसीवनडी या सेल-सिम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये तर कोटिंगला अपवर्तनांकाचा एकच आकडा देता येतो, शोषण नाहीच.

स्कॅप्स हा तसाच दुसरा प्रोग्राम थरांतलं व्यतिकरण काढत नाही. परावर्तन वेगळं दिलं नाहीत तर समोरून आलेला सगळा प्रकाश आत गेला असं तो धरतो. 'एआरसीमुळे करंट वाढला' हे वाक्य त्याच्या जोरावर लिहू नका.

तयार सेलचं मोजलेलं परावर्तन भरायचं आणि वर कोटिंगही चालू ठेवायचं, ही दुहेरी वजावट. एकच ठेवा.

टेक्श्चर केलेल्या, म्हणजे पृष्ठभागावर बारीक पिरॅमिड कोरलेल्या सेलवर पिरॅमिडची बाजू 54.7 अंशांनी कललेली असते, त्यामुळे वरून सरळ पडणारा थर तिथे सपाट वेफरच्या मानाने सुमारे 0.58 पट बसतो. प्लाझ्माने दिलेला थर इतका सरळ पडत नाही, म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. सपाट नमुन्यावर मोजलेली जाडी तशीच उचलायची नाही.

घाई असलेल्यांना माझा क्रम आवडत नाही: आधी कोरं सिलिकॉन, 600 ला 35 टक्के दिसतात का बघा, मग एकच थर, परावर्तनाच्या आलेखाचा तळ जाडी गुणिले अपवर्तनांक गुणिले चार इथे पडतो का बघा, काच त्यानंतर. आणि एएम 1.5 जी, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या प्रमाण वर्णपटाखाली सिलिकॉनचा करंट दर चौरस सेंटिमीटरला 46 मिलिअँपिअरच्या वर गेला, तर मला फोन करण्याआधी एककं तपासा.