चेक इंजिनचा दिवा लागलाय? पार्ट बदलायच्या आधी एवढं बघा

गणपतीला दोन दिवस होते. हातखंब्याच्या पुढे माझ्या गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, त्यात ऑक्सिजन सेन्सरचं (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) नाव आलं. लगेच नवा सेन्सर बसला, बिल झालं, दिवा विझला. गौरी आल्या त्या दिवशी तो पुन्हा हजर! त्यानंतर मी जो क्रम पाळायला लागलो, तो इथे लिहितोय.

आधी दिवा नीट बघा. चावी फिरवल्यावर तो लागतोच, इंजिन सुरू झालं की विझायला हवा. विझला नाही, पण स्थिर आहे आणि गाडी नेहमीसारखी चालतेय, तर घाबरण्यासारखं काही नाही. सावकाश घरी जा. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिस करतंय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जळू शकतो. कशेडी किंवा आंबा घाटात असं झालं तर अ‍ॅक्सिलरेटर हलका करा आणि वळण टाळून रुंद जागा मिळेल तिथे थांबा. ऑइलचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच सुरक्षित जागी इंजिन बंद करा.

आता कोड वाचायचा, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बहुतेक गाड्यांना ओबीडी-२ आहे, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवायची व्यवस्था. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट सापडेल. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर ऑनलाइन मिळतो. तो खोचा, चावी ऑन करा, मोबाइलवरच्या अ‍ॅपला जोडा. कोड आला की आधी फोटो काढा. त्याच्यासोबत 'फ्रीज फ्रेम' असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, ही नोंद. कोड उडवला (अ‍ॅपमधून पुसला) की तीही जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणाऱ्या रस्त्यावरच्या मेकॅनिकला म्हणूनच आधी हात जोडा.

कोड वाचताना बहुतेकांची गफलत होते. कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही. माझा कोड होता पी ०१३५, म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तसा फ्यूज येतो, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) येतो आणि वायरही येते. पी ०१७१ म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त. तिथे आधी फाटलेला हवेचा पाइप शोधा. पी ०४२० आला म्हणून कन्व्हर्टर बदलायला धावू नका, सायलेन्सर कुठे फुटलाय का ते आधी बघा.

पी ०३०१ ते पी ०३०४ आला, तर शेवटचा आकडा मिस करणाऱ्या सिलेंडरचा. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर एक फुकटची परीक्षा आहे. समजा पी ०३०२ आलाय. इंजिन थंड आणि बंद असताना दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड उडवा, थोडी गाडी फिरवा. पी ०३०२ चा पी ०३०३ झाला, तर कॉइल गेली. पी ०३०२ च राहिला, तर प्लग किंवा इंजेक्टरकडे बघा.

यानंतर बॉनेट, आणि कोकणात इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, कपलर कुलूप दाबून काढा (वायर धरून ओढू नका), कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. एअर फिल्टरही काढून बघा. उन्हाळ्यात जांभ्याच्या लाल धुळीने तो विटकरी झालेला असतो.

आणि उंदीर! आमची गाडी पडवीत, भाताच्या पेंढ्याशेजारी उभी असते. दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा शेजारच्या आजोबांनी बॉनेटमध्ये टॉर्च मारला. बॅटरीच्या मागे काथ्या, पेंढा आणि अर्धी कुरतडलेली करवंटी, असा व्यवस्थित संसार मांडलेला. "उंदरान वायर खाल्लान!" आजोबा म्हणाले. सेन्सरच्या एका वायरीचं प्लास्टिक सोललं होतं, आतल्या तांब्याचे दोनच धागे शिल्लक. वायर जोडून श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवायला वीस रुपयांचंही सामान लागलं नाही. जुना सेन्सर बहुधा धडधाकटच होता.

दुरुस्तीनंतर कोड उडवा आणि दोन-तीन दिवस थंड इंजिनापासून सुरू करून, थोडी गावात थोडी हायवेवर, अशी गाडी चालवा. मग स्कॅनर पुन्हा लावा, कारण दिवा लागण्याआधी कोड 'पेंडिंग' म्हणून, म्हणजे अजून पक्का न झालेला, दिसू शकतो.

मी आता पावसाळ्यात दर रविवारी बॉनेट उघडतो. परवा बॅटरीमागे पुन्हा थोडा काथ्या सापडला.