धर्मग्रामातील युद्धकाळाच्या आठवणी कशा जमवाव्यात

कोकण किनाऱ्यावरील एखाद्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजात, युद्धकाळाच्या आठवणी जमवायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारते, "आपल्याकडून लढाईला गेलं होतं तरी कोण?" मग पलटणीत गेलेल्यांची चार-दोन नावे निघतात, त्यांतील एखाद्याच्या घरी गणवेशातील फोटो सापडतो आणि काम तिथेच अडते. वसईपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत युद्ध मुख्यतः बंदुकीच्या वाटेने आलेच नाही. ते आले जहाजावरील नोकरीतून, मुंबईच्या गोदीतून, रेशनच्या रांगेतून आणि न आलेल्या मनीऑर्डरीतून. सैनिकाची दखल घ्यायला पलटणीचा इतिहास असतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, शिलालेख असतात. जहाजावरील बटलर, भांडारी (स्वयंपाकी), गोदीतील हमाल आणि गावात मुले सांभाळत मागे राहिलेली त्यांची बायको यांची आठवण ठेवणारे मात्र त्यांच्या धर्मग्रामाशिवाय बहुधा कोणी नसते. म्हणून या कामात एक पथ्य पाळावे: युद्धाबद्दल न विचारता कामाबद्दल विचारावे.

कोणाकडे आधी जावे, हे वयावरून ठरवावे. १९४४ साली दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज नव्वदीच्या पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या स्वतः पाहिलेल्या आठवणी सांगणारे एक-दोघे जरी हयात असतील, तरी समितीची रचना, बोधचिन्ह, बॅनर वगैरे सगळे बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जावे. त्यानंतर १९६१ ची गोव्याची कारवाई आणि १९६५ व १९७१ ची युद्धे पाहिलेली पिढी घ्यावी. आखातातून परतलेल्यांना विसरू नये, कारण त्यांना स्वतःलाच आपली आठवण 'युद्धाची' वाटत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि त्यानंतर एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी, प्रामुख्याने अम्मानमार्गे, मायदेशी आणण्यात आले. नोकरी, बँकेतील पैसे आणि सामान तिथेच टाकून परतलेली माणसे आपल्याच मिस्सेला (चर्चमधील सामुदायिक उपासनेला) शेजारच्या बाकावर बसत असतात. त्यांची स्मृती अजून ताजी आहे आणि कागदपत्रेही बहुधा कपाटातच आहेत.

भेटीला दोघांनी जावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने रेकॉर्डिंग सांभाळावे. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा आणि डोक्यावरचा पंखा बंद करायची परवानगी मागावी. पंख्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज किती बुडतो, ते घरी येऊन ऐकल्यावरच कळते. बैठक तासाभरापेक्षा लांबवू नये. आजी सामवेदीत, वाडवळीत किंवा मालवणीत बोलत असतील तर त्यांना प्रमाण मराठीकडे ओढू नये आणि उतरवून काढतानाही त्यांचे शब्द बदलू नयेत. वाटल्यास प्रमाण मराठीतील गोषवारा वेगळ्या पानावर द्यावा.

"युद्धात काय झालं?" असे विचारले, की बहुतेक आजी "आमच्याकडे कसलं युद्ध, बाळा!" म्हणून हात झटकतात. त्याऐवजी विचारावे: घरात पैसे कोण पाठवत असे, कंपनीतून दर महिन्याला काही रक्कम येत असे का, ती घ्यायला कोण जात असे आणि ती थांबली तेव्हा घरात काय विकावे लागले? रॉकेल मिळत नव्हते तेव्हा रात्री रोझरी कशाच्या उजेडात म्हणत? तांदूळ कुठून आणत आणि त्याऐवजी काय खाल्ले? मुंबईहून कोणती नातलग मंडळी गावी राहायला आली, ती किती महिने राहिली आणि चूल एकच होती की वेगळी? १९४२ च्या आरंभी जपानी बॉम्बच्या धास्तीने मुंबईतील पुष्कळ कुटुंबे गावाकडे धावली आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. या दोन गोष्टी विचारणाऱ्याला माहीत असल्या म्हणजे पुरे, त्या आजीला सांगत बसण्याची गरज नाही. जहाजावरील माणसाच्या बाबतीत हुद्दा नेमका विचारावा. सारंग (खलाशांचा प्रमुख), टंडेल (त्याचा मदतनीस), खलाशी, इंजिनघरातील आगवाला, भांडारी, स्टुअर्ड ही वेगवेगळी कामे होती आणि टॉर्पेडो लागल्यावर कोण कुठे सापडले हे पुष्कळदा त्या कामावर ठरत असे. बॉयलरपाशी असलेल्या आगवाल्याला वर डेकवर यायला किती जिने चढावे लागत, एवढा एक तपशील मिळाला तरी शौर्याची दहा विशेषणे गाळता येतात.

तारखा कोणाला आठवत नाहीत आणि त्या विचारून माणसाला अवघडूनही टाकू नये. आपल्याकडे त्याहून चांगले साधन आहे, ते म्हणजे उपासनेचे कॅलेंडर. "ईस्टर होऊन गेला होता का?", "उपवासकाळ चालू होता का?", "नोव्हेनाचे दिवस होते का?" (नोव्हेना म्हणजे सणापूर्वीची नऊ दिवसांची प्रार्थना) या प्रश्नांना म्हाताऱ्या माणसांकडून चटकन आणि बहुधा बरोबर उत्तर मिळते. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचे दोन प्रचंड स्फोट झाले, ते १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या, स्फोटके होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. त्या वर्षी ईस्टर ९ एप्रिलला होता, म्हणजे स्फोटाचा दिवस ईस्टरनंतरचा पहिलाच शुक्रवार. कोणी सांगितले की "वडील ईस्टरला घरी आले होते, सोमवारी गोदीवर परत गेले आणि त्याच आठवड्यात आग लागली", तर ती आठवण तारखेशी चोख जुळते. तसेच १९४२ चा ईस्टर ५ एप्रिलला होता. त्या दिवशी कोलंबोवर आणि दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले. "ईस्टरच्या सुट्टीत सगळे घाबरून गावी आले", या वाक्याचा धागा तिथे लागतो.

या पद्धतीने आठवणीची तपासणीही होते, मात्र ती सांगणाऱ्याचा मान राखून करावी. १९७१ मधील काळोखातील नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेची कथा सांगितली गेली, तर लक्षात घ्यावे की ते युद्ध ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या संध्याकाळी, सुरू झाले आणि १७ डिसेंबरला युद्धविरामही झाला. म्हणजे काचांना काळा कागद लावून झालेली ती उपासना नाताळची नसून ८ डिसेंबरच्या निष्कलंक मातेच्या सणाच्या नोव्हेनाची असू शकते. "आजी, तेव्हा गोठा मांडला होता का?" असे विचारून पाहावे, कारण गोठ्याचा देखावा नाताळचा असतो. उत्तर काहीही आले तरी आजींचे म्हणणे जसेच्या तसे ठेवावे आणि आपली शंका तळटीपेत लिहावी. आठवण खोडून इतिहास लिहिणे हे आपले काम नाही.

आता चर्चच्या नोंदवह्यांकडे वळू. हे काम सर्वांत फळ देणारे आहे आणि तरीही बहुतेक ठिकाणी उलट्या बाजूने केले जाते. माणसे मृत्यूची नोंदवही उघडतात, १९३९ ते १९४५ ची पाने चाळतात आणि "काही सापडले नाही" म्हणून मिटतात. समुद्रात बुडालेल्या माणसाचे दफनच झालेले नसते, तेव्हा दफनाच्या नोंदीत तो सापडणार कसा? त्याला शोधायचे ते दुसऱ्यांच्या नोंदींत. विवाहाच्या नोंदवहीत १९४६-४७ च्या सुमारास एखाद्या तरुण स्त्रीच्या नावापुढे 'विधवा' असे लिहिलेले असते आणि तिच्या पहिल्या नवऱ्याची मृत्यूनोंद धर्मग्रामात कुठेच नसते, ही पहिली खूण. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवहीत बापाचा धंदा लिहिण्याची पद्धत असेल तर 'जहाजावर' किंवा तत्सम शेरा, ही दुसरी. मिस्साच्या हेतूंची, म्हणजे कोणती मिस्सा कोणासाठी सांगितली याची, जुनी वही शिल्लक असेल तर तिच्यात 'समुद्रात मरण पावलेल्या'साठी दरवर्षी त्याच महिन्यात सांगितलेली मिस्सा, ही तिसरी. तीन खुणा एकाच घराकडे बोट दाखवू लागल्या, की त्या घरी जावे.

या वह्या सार्वजनिक नाहीत, हे विसरू नये. फादरांकडे लेखी विनंती करावी, त्यांच्या समोर किंवा त्यांनी नेमलेल्या माणसासमोर बसून टिपणे घ्यावीत आणि पानांचे फोटो काढू नयेत, कारण त्याच पानावर इतरांच्या घरच्या खाजगी गोष्टीही असतात. जुन्या नोंदी लॅटिन वा पोर्तुगीजमध्ये असतात. त्या वाचणारा एखादा निवृत्त धर्मगुरू धर्मप्रांतात सहसा मिळतो. आडनावांचे लेखन वहीगणिक बदलते. तेच कुटुंब एका वहीत सोझा, दुसरीत डिसोझा आणि जहाजाच्या यादीत डी सूझा होते. सगळी रूपे एका तक्त्यात लिहून मगच पुढचा शोध घ्यावा.

पुढचा शोध म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, महायुद्धांतील मृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या, संस्थेची इंटरनेटवरील सूची; तिच्यात नावावरून विनामूल्य शोधता येते. समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांची स्मारके मुंबईतच, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर दोन हजारांहून अधिक नावे आहेत आणि दुसऱ्या महायुद्धाचे स्मारकही तिथेच आहे. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघालेले 'तिलावा' हे जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवले आणि २८० माणसे गेली. त्यांत खलाशांपेक्षा प्रवासीच कितीतरी अधिक होते. घरात "आफ्रिकेच्या बोटीवर गेला" एवढेच ठाऊक असेल तर या घटनेची चौकशी जरूर करावी. पण सूचीत नाव नाही म्हणून घरच्यांचे म्हणणे खोटे ठरवू नये. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिकी, भारतीय आणि इजिप्शियन माणसांची, नावानिशी नोंद झालीच नाही, हे त्या कमिशनच्याच २०२१ च्या अहवालात मान्य केले आहे.

घरातून निघालेल्या वस्तू घरातच राहू द्याव्यात. पदक असेल तर ते चिंच-राखेने घासू नये. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते आणि घासून घासून नेमकी तीच अक्षरे जातात. तिरप्या उजेडात कड हळूहळू फिरवत प्रत्येक अक्षराचा फोटो घ्यावा. जुन्या पत्रांना सेलोटेप लावू नये, फोटो लॅमिनेट करू नयेत. हे सारे काम दसऱ्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वी उरकावे, कारण आपल्या हवेत जून-जुलैमध्ये उघडलेला अल्बम बुरशी घेऊनच मिटतो.

काही गोष्टी नाजूक असतात. कोणी जहाज सोडून पळाला होता, कोणाचे परक्या बंदरात दुसरे घर होते, कोणी काळ्या बाजारात तांदूळ विकला होता. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याच्या सीमेलगतच्या धर्मग्रामांत एकाच घरातील माणसे दोन्हीकडे होती आणि त्यांची मतेही दोन होती. सांगणाऱ्याला आधीच विचारावे, की यातले काय छापायचे, काय फक्त घरासाठी ठेवायचे आणि काय पुसून टाकायचे. हे उत्तर कागदावर लिहून सही घ्यावी आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारावे, कारण पहिल्या दिवशीच्या भरात दिलेली परवानगी मुलांशी बोलून झाल्यावर बदलू शकते. आणखी एक. जहाजावर आपली माणसे एकटी नव्हती. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान खलाशांसोबत त्यांनी तीच बोट, तोच धोका सोसला. शेजारच्या मोहल्ल्यातील जमातीकडे चौकशी केली तर आपल्याच माणसाची अर्धी हकीकत तिथे मिळण्याचा संभव असतो. केवळ आपल्या चर्चपुरते पाहण्याचा हट्ट मला तरी समजत नाही.

स्मरणाचा दिवस वेगळा शोधायला नको. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे दफनभूमीत येतातच आणि ११ नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीचा दिवस त्याच महिन्यात आहे. फादरांशी ऑगस्टमध्येच बोलावे, कारण नोव्हेंबरच्या मिस्सांचे हेतू लवकर भरतात. मिस्सेच्या विधीत भर घालू नये; श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत नावे घ्यावीत आणि कथावाचन मिस्सा संपल्यावर, मांडवात किंवा हॉलमध्ये ठेवावे. प्रत्येक नावासोबत काम, ठिकाण आणि वर्ष सांगणारे एकच वाक्य असावे. पूर्ण हकीकती पाच-सहाच वाचाव्यात, त्याही शक्यतो त्या घरातील नातवंडांनी, आणि वाचनापूर्वी घरच्यांना मजकूर दाखवलेला असावा. पाहुण्यांची भाषणे ठेवली तर वाचन मागे पडते. ती नसलेलीच बरी. म्हाताऱ्या मंडळींसाठी पुढे खुर्च्या आणि शेवटी चहा मात्र हवाच, कारण खरी भर चहाच्या वेळी पडते. त्या वेळी वही-पेन घेऊन दोघांना तिथेच उभे करावे.

जमलेल्या मजकुराच्या तीन प्रती कराव्यात: एक धर्मग्रामाच्या कार्यालयात, एक त्या-त्या घरी आणि छापायला परवानगी मिळालेल्या भागाची एक तालुक्याच्या वाचनालयात. प्रत्येक प्रतीच्या शेवटी काही कोरी पाने सोडावीत आणि 'दुरुस्ती व भर' असे शीर्षक देऊन त्यांवर लिहिणाऱ्याचे नाव व तारीख यांचे रकाने आखून ठेवावेत.