रोमन वास्तुकला शिकायचीय? आधी विटा वाचा

रोममधल्या पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळासमोर बसून स्केच काढायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या, एवढंच काम होतं. दर्शनी भागावर ठसठशीत अक्षरांत कोरलंय की लुसिउसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला सर्वोच्च अधिकारी, असताना हे बांधलं. त्याचं तिसरं कॉन्सलपद इ.स.पू. 27 मधलं, म्हणून मी तेच साल ठोकून दिलं. शिकवणाऱ्या बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "पाटी मलाही वाचता येते. विटा काय म्हणतात ते सांग."

रोमन वीटभट्ट्या काही विटांवर शिक्के मारत. कुणाची जमीन, कुणाची भट्टी, आणि कधी कधी त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावं. 1892 मध्ये शेदान नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने पँथिऑनच्या विटांवरचे शिक्के तपासले, तेव्हा ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले निघाले. म्हणजे अग्रिप्पाची जुनी इमारत गेली, सम्राट हेड्रियनच्या काळात नवी पुरी झाली, आणि पाटी मात्र जुन्याच मालकाच्या नावाची लागली. तोवर भल्याभल्यांनी अग्रिप्पाची पाटी खरी मानली होती, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

म्हणून नव्याने या विषयात येणाऱ्यांना मी सम्राटांची यादी पाठ करायला सांगत नाही. भिंत बघायला शिका. पुरेशा भिंती पाहिल्या की ढोबळ काळ नजरेनेच लागतो. ओबडधोबड दगडांचा चेहरा असेल तर तो ओपुस इन्सर्टम, बहुतेक इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातला. लहान चौकोनी दगड तिरपे बसवून जाळीसारखी नक्षी दिसली की ओपुस रेटिक्युलाटम, त्यानंतरचा. त्याच जाळीत मधून मधून विटांचे पट्टे आले तर ट्राजान आणि हेड्रियन या सम्राटांचा काळ आधी आठवावा. आणि नुसती वीट दिसली तर फसू नका, ती बाहेरचं कातडं असते. चौकोनी वीट तिरपी कापून त्रिकोण करत, टोक आत घालत, आणि दोन कातड्यांच्या मध्ये काँक्रीट भरत.

काँक्रीट या शब्दानेही माझा घोटाळा केला. मी त्याआधी दोन वर्षं कोल्हापुरात साइटवर काढलेली. काँक्रीट म्हटलं की सळई, सेंट्रिंग, मिक्सर, आणि संध्याकाळच्या आत स्लॅब टाकायची घाई. रोमन लोकांच्या काँक्रीटमध्ये सळई नाही आणि ते ओततही नसत. चुन्याच्या घट्ट मसाल्याचा थर द्यायचा, त्यात मुठीएवढे दगड हाताने बसवायचे, पुन्हा मसाला. लाकडी सेंट्रिंग मात्र त्यांनाही लागायचंच. पँथिऑनचा घुमट असाच थराथराने वर गेलाय. आतला व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून माथ्याच्या छिद्रापर्यंतची उंचीही तेवढीच. बुडाशी जाडी सुमारे 6 मीटर, छिद्राजवळ जेमतेम 1.2. खालच्या थरांत जड दगड, मध्ये विटांचे तुकडे, माथ्याजवळ हलका ज्वालामुखी दगड. बिनसळईचा एवढा मोठा काँक्रीट घुमट आजही जगात दुसरा नाही. छिद्रातून पाऊस सरळ आत येतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. पहिल्या भेटीत सगळे वर बघतात. तुम्ही एकदा ती भोकं शोधा.

मसाल्यातली खरी गंमत पोझोलानाची, म्हणजे नेपल्सच्या आसपास आणि रोमजवळ मिळणाऱ्या ज्वालामुखी मातीची. ती चुन्यात मिसळली की मसाला पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस हे लिहून ठेवतो, आणि पुढे म्हणतो की नदीची वाळू वापरायची असेल तर तिच्यात एक तृतीयांश खापरांची चाळलेली भुकटी घाला, मसाला सुधारेल. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले. ही तर आपली सुरखी, विटांची भुकटी! आपल्या वाड्यांच्या चुन्यात, चुना दळायच्या घाणीवर, मळलेली असते तीच. 2023 मध्ये रोमन चुन्यातल्या पांढऱ्या गुठळ्यांवर एक अभ्यास आला. भेगेत पाणी शिरलं की त्या गुठळ्यांतला चुना विरघळून भेग बुजवतो, असा त्याचा निष्कर्ष. व्हॉट्सॲपवर तो 'रोमन लोकांचं हरवलेलं रहस्य' म्हणून फिरला, तेवढं मात्र मनावर घेऊ नका.

आता कुठे बघायचं. कलोसियमला जा, सगळेच जातात, पण शिकायला ओस्तिया गाठा. रोमहून लोकल गाडीने अर्ध्या तासाचं अंतर. हे जुनं बंदर. इथे देवळांपेक्षा भाड्याच्या मजली इमारती, बेकऱ्या, सार्वजनिक संडास आणि गोदामं जास्त. वर सांगितलेल्या सगळ्या भिंती एका दिवसात हाताच्या अंतरावर दिसतात. नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या गाळ्यांची रांग आहे आणि प्रत्येकापुढे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या मोझेइकची पाटी. एकीवर हत्ती आहे. ती उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांची. मी त्या हत्तीपाशी तासभर बसले होते. सोंड आणि सुळे ठीक, पण पाय एखाद्या बैलाचे वाटावेत असे. पाणी आणि टोपी न्या, सावली कमी आहे. आणि सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. गर्दी होते, पण विद्यार्थ्याला परवडतं तेच.

शिल्पांबद्दल थोडक्यात. चेहऱ्याआधी केस बघा. दाढी राखणारा पहिला सम्राट हेड्रियन, आणि डोळ्यांच्या बाहुल्या संगमरवरात कोरायची पद्धतही साधारण त्याच्याच काळात रुळली. दाढी नाही आणि बुबुळ गुळगुळीत, तर पुतळा त्याआधीचा असायची शक्यता जास्त. रोममधल्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर मात्र हे नियम गोंधळतात, कारण तिथे ट्राजान, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या तिघांच्या स्मारकांवरची शिल्पं काढून बसवलीत.

लॅटिन थोडं तरी शिका, शिलालेखांपुरतं. इटालियन त्याहून आधी, कारण उत्खननाचे अहवाल बहुतेक त्यातच असतात. नोकरीचं खरं सांगायचं तर रोमन पुरातत्त्वात भारतीय विद्यार्थ्याला जागा फार थोड्या. परत आल्यावर मला पहिल्या मुलाखतीत विचारलं गेलं, "रोमचा इथे काय उपयोग?" तिथे काम मिळालं नाही. मिळालं ते चुन्याच्या जोरावर, एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर.

जाण्याआधी घरचं बघून घ्या. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून आलेली. शाळेच्या सहलीत मी तिच्यासमोरून दोनदा गेले असेन. उलट इटलीतल्या पाँपेईत 1938 मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्या जवळची वाटावी अशी आपल्या भोकरदनलाही निघाली आहे.

वाड्याच्या कामावर मी म्हाताऱ्या मिस्त्रींना मोबाइलवर पँथिऑनचा घुमट दाखवला. व्यास सांगितला, वय सांगितलं, सळई नाही तेही सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "ताई, ह्येला पाणी किती दिवस मारलं असंल?"

एवढी पुस्तकं वाचून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.