इंटरफेस डोक्यात बसत नसेल तर स्वतःचा एक क्लास सॉर्ट करून बघा

जावा शिकताना इंटरफेस आला की जिकडेतिकडे कुत्रा, मांजर आणि त्यांचे आवाज हेच एक्झाम्पल असतं, त्याने सिंटॅक्स पाठ होतो पण ही भानगड लागते कशाला ते काही कळत नाही. मला पण बरेच दिवस कळलं नव्हतं, मार्कांची लिस्ट सॉर्ट करायला बसलो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, म्हणून तेच सांगतो. नुसतं वाचू नका, सोबत टाईप करत चला.

विद्यार्थी नावाचा क्लास बनवा, त्यात नाव आणि मार्क एवढे दोनच फील्ड. चारपाच ऑब्जेक्ट ॲरेलिस्टमध्ये टाका आणि कलेक्शन्स क्लासची सॉर्ट मेथड कॉल करा. कंपाईलच होणार नाही. बरोबरच आहे ना, मार्कांवरून लावायचं की नावावरून हे सॉर्टला कोण सांगणार? पण तिलाच इंटीजरची किंवा स्ट्रिंगची लिस्ट द्या, लगेच लावून देते, कारण त्या क्लासेसनी कंपेअरेबल हा इंटरफेस इम्प्लिमेंट केलाय आणि आपल्या क्लासने नाही.

आता तो करू. कंपेअरेबलमध्ये मेथड एकच आहे, कंपेअरटू. तिला दुसरा विद्यार्थी मिळतो आणि तिने एक इंट परत द्यायचा: मी आधी येत असेन तर निगेटिव्ह, दोघं सारखे असू तर शून्य, मी नंतर येत असेन तर पॉझिटिव्ह. क्लासच्या नावापुढे इम्प्लिमेंट्स कंपेअरेबल लिहा, अँगल ब्रॅकेटमध्ये विद्यार्थी, आणि मेथडमध्ये इंटीजरची कंपेअर मेथड वापरून दोघांचे मार्क द्या. काही जण तिथे सरळ वजाबाकी करतात, मार्कांना चालून जाईल पण मोठे आकडे आले की ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे वजाबाकी इंटमध्ये न मावल्याने, उत्तर उलटं येतं, तेव्हा ती सवय लावूच नका. आणि मेथडच्या आधी पब्लिक लिहायला विसरू नका, इंटरफेसमधली मेथड न लिहिताही पब्लिक असते पण क्लासमध्ये ते लिहावंच लागतं, सुरुवातीला सगळ्यात जास्त एरर याचाच येतो.

रन करा. झालं सॉर्ट!

आता जरा थांबून बघा काय झालं ते. ही सॉर्ट मेथड जावा १.२ मध्ये आली, डिसेंबर १९९८ ला, आणि तुमचा क्लास तुम्ही आत्ता लिहिला. तिला विद्यार्थी म्हणजे काय हे माहीत नाही, ती फक्त प्रत्येक ऑब्जेक्टला विचारते की तू याच्या आधी की नंतर, आणि हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळेलच याची खात्री म्हणजे इंटरफेस. पुढे २०११ साली जावा ७ मध्ये सॉर्टच्या आतला अल्गोरिदमच बदलला, मर्ज सॉर्ट जाऊन टिमसॉर्ट आला, तरी ज्यांचं कंपेअरटू नीट लिहिलेलं होतं त्यांना एक ओळ बदलावी लागली नाही.

नीट लिहिलेलं असं मुद्दाम म्हणतोय. कंपायलर फक्त मेथड आहे की नाही एवढंच तपासतो, ती खरं उत्तर देते का ते नाही. अ हा ब च्या आधी आणि ब पण अ च्या आधी असं सांगणारं कंपेअरटू आरामात कंपाईल होतं, जुनं सॉर्ट ते निमूट खपवून घ्यायचं, टिमसॉर्टच्या लक्षात आलं तर तो सरळ एक्सेप्शन फेकतो. म्हणून इंटरफेस वापरताना नुसती मेथडची नावं बघून भागत नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये तिने कसं वागायचं लिहिलंय ते पण वाचा, माझ्या मते खरा इंटरफेस तोच.

एक क्लास हवे तितके इंटरफेस घेऊ शकतो, एक्स्टेंड मात्र एकच क्लास करता येतो. आणि जावा ८ पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड लिहिता येतात, म्हणजे बॉडीसकट, त्यामुळे जुन्या इंटरफेसमध्ये नवीन मेथड टाकली तरी आधीचे क्लास मोडत नाहीत. सुरुवातीला एवढं पुरे.

आता तीच लिस्ट नावावरून लावा, पण कंपेअरटूला हात न लावता. त्यासाठी कंपॅरेटर नावाचा दुसरा इंटरफेस आहे, तो वेगळ्या क्लासमध्ये इम्प्लिमेंट करायचा आणि त्याचा ऑब्जेक्ट सॉर्टला दुसरा पॅरामीटर म्हणून द्यायचा.