रिसेप्शनच्या स्टेजला दोन स्वस्त फ्लॅश पुरतात

“ताई, छत्री कशाला आणली? पाऊस तर नाही.” कराडकडच्या लग्नांमध्ये हा प्रश्न मला दर मोसमात एकदा तरी येतो, आणि विचारणारे काका दर वेळी आपणच पहिल्यांदा हा विनोद केला अशा खुशीत असतात. त्या पांढऱ्या छत्रीमागे माझा गोडॉक्स टीटी६०० असतो. साडेपाच हजारांना घेतलेला, पूर्ण मॅन्युअल, म्हणजे पॉवर आपण हाताने ठरवायची. उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणारं टीटीएल त्यात नाही. असे दोन फ्लॅश, कॅमेऱ्यावर त्याच कंपनीचा ट्रिगर (लांबचे फ्लॅश रेडिओने उडवणारा), दोन स्टँड आणि एक छत्री एवढ्यावर मी रिसेप्शन काढते. योंगनुओचा वायएन५६० आयव्ही असेल तरी चालतो, फक्त ट्रिगर त्याच्या जोडीचा हवा.

मॅन्युअल फ्लॅशला लोक उगाच घाबरतात. हळदीला, वरातीत माणसं धावत असतात, तिथे तुमची भीती खरी. रिसेप्शनमध्ये मात्र जोडी दोन-अडीच तास सोफ्यापुढच्या त्याच चार फुटांत उभी असते. पाहुणे बदलतात, अंतर बदलत नाही. फ्लॅशचा उजेड अंतरावर ठरतो, म्हणून सुरुवातीला एकदा पॉवर बसवली की शेवटच्या पाहुण्यापर्यंत तीच चालते. उलट टीटीएल गोंधळतं. पांढरा शर्ट पुढे आला की फोटो काळा, काळा सूट आला की चेहरा भगभगीत.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ तोंडावर मारला तर चेहरा सपाट होतो आणि मागच्या फुलांच्या पडद्यावर काळी सावली चिकटते. छताला मारून उजेड खाली घ्यावा, तर कार्यालयाचं छत पांढरं आणि बुटकं असेल तरच ते जमतं. लॉनवर छतच नसतं. मांडवात गुलाबी-पिवळं कापड असतं, त्यावरून परत येणाऱ्या उजेडात नवरी गुलाबी दिसते आणि सासरे पिवळे. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा.

पाहुणे यायच्या तासभर आधी पोचा. फ्लॅश बंद ठेवून नुसता स्टेजचा फोटो काढा. मी आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो त्याचं माप) ८००, एफ/४.५ (लेन्सचं छिद्र) आणि शटर १/१०० सेकंदापासून सुरू करते. १/१०० चं कारण असं, की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि त्याहून वेगवान शटरला फोटोत पट्टे येऊ शकतात. शिवाय १/२०० च्या पुढे गेलात तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशचा उजेड अर्ध्याच फोटोवर पडतो, उरलेला काळा. या पहिल्या फोटोत मागची सजावट ओळखू यावी, पण थोडी अंधारलेली असावी. ती फारच उजळ असेल तर आयएसओ कमी करा. मग फ्लॅश चालू करा आणि डेकोरेशनवाल्या पोराला सोफ्यापुढे उभं करा. ते खुशीत उभे राहतात, फक्त फोटो नंतर पाठवा.

पहिला फ्लॅश छत्रीतून. माझ्या डाव्या हाताला, जोडीच्या समोरून साधारण ४५ अंशांवर, ११-१२ फुटांवर. वर सांगितलेल्या सेटिंगला पॉवर १/८, म्हणजे पूर्ण ताकदीचा आठवा भाग, लागते. चेहरा उजळ वाटला तर १/१६ करा, पण कॅमेऱ्याला हात लावू नका. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: शटर बदललं की दिव्यांचा उजेड बदलतो, फ्लॅशचा नाही. सजावट आणखी खुलवायची असेल तर शटर १/५० करा, चेहरे होते तसेच राहतील.

उंचीत मी पहिल्या वर्षी सपशेल फसले. माझा स्टँड सात फुटी, स्टेज तीन फूट उंच, आणि स्टँड खाली जमिनीवर. म्हणजे फ्लॅश नवऱ्याच्या छातीच्या पातळीला. सगळ्यांच्या हनुवटीखालून उजेड, नाकाच्या सावल्या कपाळाकडे, अख्खं घराणं भुताच्या नाटकातलं. आता नऊ-दहा फुटी स्टँड घेते किंवा स्टेजच्या कडेला परवानगी मागून वरच उभा करते. छत्री उभ्या माणसाच्या डोक्याहून दोनेक फूट वर हवी. त्याहून उंच नको, कारण आपल्याकडे फेटा आहे. उजेड फार वरून आला की फेट्याची सावली डोळ्यांवर येते आणि नवरदेव झोपल्यासारखा दिसतो. फार बाजूने आला तर नथीची सावली ओठांवर मिशीसारखी पडते. नवरीला ती फोटोत सगळ्यात आधी दिसते, हे अनुभवाने सांगते.

दुसरा फ्लॅश मागून. स्टेजच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात, फुलांच्या खांबाआड, छत्रीशिवाय. फ्लॅशचा झूम १०५ वर, म्हणजे उजेड अरुंद झोतात जातो, पॉवर १/३२ किंवा १/६४, रोख जोडीच्या खांद्यांवर. शालूचा जर, फेट्याचा तुरा, केसांतला गजरा यांना कडेने चमक येते आणि माणसं पडद्यापासून सुटी दिसतात. हा उजेड थेट लेन्समध्ये येत असेल तर फ्लॅशच्या कडेला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा रबरबँडने लावा. पत्रिका तिथे हव्या तितक्या मिळतात. पडद्यात आरसे किंवा चकचकीत पत्रा असेल तर दोन्ही फ्लॅश त्यात दिसतात का, ते चाचणीतच बघून घ्या.

आता मोठे ग्रुप. “आमच्या मामांकडचे सगळे या रे वर!” अशी हाक आली की बारा-पंधरा माणसं १२ फूट पसरून उभी राहतात. छत्री बाजूला असेल तर जवळच्या टोकाची मावशी पांढरीफटक आणि लांबच्या टोकाचा भाचा अंधारात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे सहा फुटांवरच्या आणि अठरा फुटांवरच्या माणसात नऊपट फरक पडतो. यावर उपाय म्हणजे छत्री मागे न्यायची आणि मधे, जवळजवळ कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणायची. मी जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवते. एक जोडीसाठी, दुसरी १८ फुटांवर ग्रुपसाठी. हाक आली की माझा आतेभाऊ स्टँड उचलून दुसऱ्या खुणेवर नेतो, मी पॉवर १/४, आयएसओ १६००, एफ/५.६ करते. मागच्या कोपऱ्यातला फ्लॅश तेवढ्यापुरता ट्रिगरवरूनच बंद, नाहीतर कडेच्या माणसाचा कान पेटल्यासारखा दिसतो.

चष्म्यातली चमक आजोबांच्या पिढीत हमखास. छत्री आणखी थोडी वर किंवा बाजूला घ्या. तेही जमलं नाही तर “आजोबा, मान जरा खाली” एवढं पुरतं. चष्मा काढायला सांगू नका, त्यांना कॅमेरा दिसेनासा होतो.

रंगाचं प्रकरण जास्त त्रासाचं. स्टेजचे दिवे पिवळे, फ्लॅश पांढरा. चेहरे बरोबर केले की मागचा पडदा गाजरासारखा होतो. फ्लॅशच्या तोंडावर सीटीओ नावाचा नारिंगी जिलेटिन पेपर लावला की दोन्ही जवळ येतात. पूर्ण सीटीओ फ्लॅशला साधारण ३२०० केल्विनपर्यंत (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा करतो. मला अर्धा बरा वाटतो, कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास ठेवते आणि पडद्यावर थोडा ऊबदारपणा राहू देते. पण जांभळ्या-निळ्या एलईडी ‘पार’ दिव्यांचा (स्टेजवरचे रंगीत झोताचे दिवे) उजेड चेहऱ्यावर पडत असेल तर कुठलाही जिलेटिन कामाचा नाही. तिथे लाईटवाल्याला गाठायचं, चहा पाजायचा आणि ते दिवे पडद्याकडे वळवून घ्यायचे. हे काम फोटोशॉपमध्ये करायला गेलात तर रात्री जागाल.

व्हिडिओवाल्यांशीही आधीच बोला. त्यांचा दिवा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला मी माझी छत्री लावते, म्हणजे सावल्या एकाच दिशेला पडतात आणि भांडण होत नाही. माझ्या फ्लॅशमुळे त्यांच्या चित्रात मधेच पांढरा पट्टा येतो ही त्यांची तक्रार खरी आहे. म्हणून मी एका ग्रुपचे दोन-तीनच फोटो काढते, उगाच दहा नाही.

एका लग्नात मुलाकडचा फोटोग्राफर वेगळा होता. माझे फ्लॅश मी बटण न दाबताच उडायला लागले. मला वाटलं, बिघडले. पंधरा मिनिटं सेल बदलत बसले. त्याच्याकडे माझ्याच कंपनीचा ट्रिगर, आणि दोघांचाही रेडिओ चॅनल एक! तेव्हापासून कार्यालयात शिरल्यावर आधी चॅनल बदलते, मग नवरीच्या आईला नमस्कार करते. फ्लॅशचा स्लेव्ह मोडही बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक पाहुण्याच्या फ्लॅशला तुमचाही उडेल.

सेलवर पैसे वाचवू नका. एका फ्लॅशला चार एए लागतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, साध्या अल्कलाइनपेक्षा ते फ्लॅश लवकर भरतात. मी चार-चारचे सहा संच ठेवते, प्रत्येकावर नेलपॉलिशने खूण, एका संचातला सेल दुसऱ्यात घालायचा नाही. फ्लॅश शक्यतो १/४ च्या वर नेऊ नका. फुल पॉवरवर लागोपाठ उडवला तर स्वस्त फ्लॅश तापतो आणि ऐन आहेराच्या गर्दीत बंद पडतो. (“कृपया आहेर आणू नये” हे पत्रिकेत असतं, रांग तरीही असते.)

आणि स्टँडला वजन हवंच. माझी पहिली छत्री एका काकूंच्या पदरात अडकून थेट आइस्क्रीमच्या ट्रेमध्ये गेली होती. काकूंनीच माझी माफी मागितली, मला जास्त लाज वाटली. आता प्रत्येक स्टँडच्या पायाला दोन लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या बांधते आणि एक पाय नेहमी छत्रीच्या दिशेने ठेवते. लॉनवर वारा असेल तर छत्री मिटून ठेवते आणि आतेभावाला स्टँड धरूनच उभा करते. तो तक्रार करतो, पण जेवायच्या पहिल्या पंगतीला त्याला सोडते.