रहस्यकथा आणि विज्ञानकथा: मंडळात कशी वाचून घ्यावी, स्पर्धेला कशी पाठवावी

इंदूरमध्ये राहून मराठीत रहस्यकथा किंवा विज्ञानकथा लिहिणाऱ्याची खरी अडचण वाचकाची असते. घरचे लोक कौतुक करतात, कार्यक्रमात वाचली तर टाळ्याही मिळतात. पण चोर कोण हे तिसऱ्याच पानावर कळले होते का, किंवा नेमके कुठे काही समजेनासे झाले, हे कोणी सांगत नाही. ते सांगणारी माणसे हवी असतील तर पुण्या-मुंबईहून कोणी येऊन कार्यशाळा घेईल याची वाट पाहू नये. पाच ते सात लिहिणारी माणसे आणि एखाद्याच्या घरची बैठकीची खोली एवढ्यावर एकमेकांच्या कथा वाचणारे मंडळ उभे राहते.

कथा आठ दिवस आधी सर्वांना छापील प्रतीच्या रूपात द्यावी आणि प्रत्येकाने ती घरी, हातात पेन्सिल घेऊन वाचावी. बैठकीत कथा मोठ्याने वाचू नये, कारण चांगला आवाज कच्चे वाक्य झाकून टाकतो. बैठकीत एकेकाने क्रमाने तीन-चार मिनिटे बोलावे आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत लेखकाने एक शब्दही काढू नये. ही पद्धत अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांनी रुळवली. डेमन नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या गावी अशा बैठका सुरू केल्या, आणि 1968 पासून क्लेरियन कार्यशाळेने तीच रीत सहा आठवड्यांच्या निवासी अभ्यासक्रमात आणली.

लेखकाने गप्प बसण्याचा नियम मला सुरुवातीला जाचक वाटला होता. माझ्या एका कथेत सराफ्यातल्या पेढीवर रात्री साडेदहाला चोरी होते आणि चोर गर्दीत मिसळून निघून जातो. मंडळात तेव्हा दोन जण बाहेरगावचे होते, आणि दोघांच्याही प्रतींवर एकाच वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती: पेढी बंद झाली आहे, तर तिच्या दारात एवढी माणसे कुठून आली? दिवसा सोन्याचांदीचा बाजार असलेली ही गल्ली रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरून जाते, हे इंदूरच्या माणसाला सांगावे लागत नाही, म्हणून मी ते लिहिलेच नव्हते. बोलायची मुभा असती तर मी अर्ध्या मिनिटात खुलासा केला असता, सर्वांनी माना डोलावल्या असत्या आणि कथा तशीच राहिली असती. गप्प बसावे लागले म्हणून घरी जाऊन दोन वाक्ये लिहिली: पेढीचा नोकर शटर ओढून ओटा धुतो, आणि ओटा वाळायच्या आत त्यावर भुट्ट्याच्या किसाची कढई येऊन बसते. चोराला लपायला जागा मिळाली ती तिथे.

अभिप्राय देणाऱ्याने आपण कुठे थांबलो, कुठे मागचे पान पुन्हा उलटले, कोणावर संशय घेतला, एवढेच सांगावे. कथा कशी लिहायला हवी होती ते सांगू नये. दोघे-तिघे एकाच जागी अडखळले तर ती जागा नक्की दुरुस्त करावी, मात्र दुरुस्ती आपली आपण शोधावी. भाषेच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. पात्र इंदूरचे असेल आणि ते ‘मी जाऊन राहिलो’ असे म्हणत असेल, तर प्रमाण मराठीच्या आग्रहाखातर ते बदलू नये. निवेदनाची भाषा कोणती ठेवायची हे मात्र पहिल्या पानावरच ठरवावे आणि शेवटपर्यंत पाळावे.

पुरस्काराचा विचार कथा मंडळातून दोनदा जाऊन आल्यावर करावा, आणि तेव्हा पहिला प्रश्न विचारावा तो निवड कोण करते हा. 1953 पासून दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारासाठी जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य, म्हणजे मुख्यतः वाचक, मत देतात. पसंतीक्रम लावताना ‘कोणालाच पुरस्कार नको’ असेही मत नोंदवता येते. नेब्युला पुरस्कार लेखकांच्या संघटनेचे सदस्य मतदानाने देतात, तर जागतिक फँटसी पुरस्काराचा निर्णय परीक्षकमंडळ करते. वाचक, समव्यवसायी आणि परीक्षक यांना एकच कथा सारखीच आवडेल असे नाही, म्हणून नकारातून कथेची किंमत ठरवू नये.

मराठीत विज्ञानकथेसाठी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेचे स्थान मोठे आहे. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. ज्यांचे नाव तेव्हाच सर्वतोमुखी होते त्यांनाही निव्वळ कथेवर निकाल हवासा वाटला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून आपले नाव कथेच्या पानांवर कुठेही येऊ देऊ नये, ते वेगळ्या कागदावर द्यावे. आणि परीक्षकांत आपल्या मंडळातले कोणी असेल तर त्या वर्षी कथा पाठवू नये.

नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. कथा अप्रकाशित असावी अशी अट असेल तर दिवाळी अंकाला दिलेली कथा चालत नाही, आणि काही ठिकाणी समाजमाध्यमावर टाकलेली कथाही प्रकाशित धरली जाते. शब्दमर्यादेसाठी कथेची मोडतोड करू नये. मी एकदा पाच हजार शब्दांची कथा अडीच हजारांत बसवली. त्यात उलगड्याचा धागाच कापला गेला, बक्षीस मिळाले नाही ते नाहीच, आणि मूळ प्रत ठेवली नसल्यामुळे ती कथा पुन्हा उभी करायला पूर्ण पावसाळा गेला. तेव्हापासून पाठवण्यापूर्वीची प्रत, मंडळाच्या पेन्सिलखुणांसकट, तारीख घालून वेगळ्या फाइलीत ठेवतो. निकालाची वाट पाहायची ती पुढच्या कथेच्या प्रती मंडळात वाटून झाल्यावर.