जर्मन पूर्वजाची एक नोंद दुसरीशी जुळत नाही, तेव्हा

अमेरिकेत गेलेल्या जर्मन माणसाची तीन कागदांत तीन जन्मवर्षं सापडली, की हमखास सल्ला मिळतो: जे वर्ष जास्त वेळा येतं ते धरा. अजिबात धरू नका. मृत्यूचा दाखला, थडग्यावरचा दगड आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता या तिन्हींची माहिती बहुतेक वेळा एकाच जावयाने सांगितलेली असते. ती एकच साक्ष, तीनदा उतरवलेली. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे माहिती कोणी दिली आणि घटनेनंतर किती वर्षांनी, एवढं आधी लिहून काढा.

जन्मस्थळाचे वाद निम्मे तिथेच मिटतात. १८६०च्या जनगणनेत ‘बव्हेरिया’ आणि १८८०मध्ये ‘जर्मनी’ असेल तर त्यात विसंगती काहीच नाही. जर्मन साम्राज्यच १८७१ला झालं. शिवाय ऱ्हाइनच्या पश्चिमेचा फाल्झ प्रांत तेव्हा बव्हेरियाकडे होता, त्यामुळे म्युनिकच्या आसपास शोधत बसू नका. आणि एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्कजवळचं, बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची ते ठाणं) कारकुनाने आडनाव बदललं, ही गोष्ट सोडून द्या. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटण्याआधीच तयार व्हायच्या.

खरी गोची गावातल्या चर्चच्या वहीत होते. समजा, हवा तो योहान गेऑर्ग म्युलर १८३२मध्येही सापडला आणि १८३५मध्येही. लोक जवळचं वर्ष उचलतात आणि वंशवृक्षाला चिकटवतात. पुढच्या चार पिढ्या परक्याच्या! एका घरात सगळेच भाऊ योहान असू शकतात. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. अमेरिकेत तो ‘जॉर्ज’ म्हणून शोधा, ‘जॉन’ म्हणून नाही. दोन्ही मुलांचे आईबाप एकच असतील तर आधी दफनाची वही उघडा. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या बाळाला ठेवायची रीत होती. कधी पाद्री बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी छोटा क्रूस काढून ठेवायचा, पण क्रूस नाही म्हणजे मूल जगलं असं समजू नका.

आईबाप वेगळे असतील तर काम वाढतं, आणि इथेच माणसं कंटाळतात. आपला कोण हे सिद्ध करण्याआधी दुसऱ्याचं काय झालं ते शोधा. त्याचं लग्न, त्याची मुलं, त्याचं दफन गावातच सापडलं तर तो बाद. प्रोटेस्टंट गाव असेल तर चौदाव्या वर्षाच्या आसपास होणाऱ्या दृढीकरणाची (बाप्तिस्मा झालेल्या मुलाने स्वतः श्रद्धा जाहीर करायचा चर्चमधला विधी) वही पाहा, तिथे पुष्कळदा जन्मतारीख पुन्हा लिहिलेली असते. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही बघा. तीच आडनावं अमेरिकेत शेजारी म्हणून आली तर माझ्या लेखी जनगणनेतल्या वयापेक्षा त्याचं वजन जास्त.

तारखा वाचताना एक खाच आहे: ‘७बर’ म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे, ‘८बर’ ऑक्टोबर. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरं सारखीच दिसतात, तेव्हा आडनाव त्याच पानावरच्या दुसऱ्या शब्दांशी ताडून वाचा.

या वह्या दोन संकेतस्थळांवर पाहता येतात: कॅथलिक वह्यांसाठी मॅट्रिक्युला (फुकट), प्रोटेस्टंटांसाठी आर्किऑन (पैसे पडतात). हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५०पासून आहेत आणि त्यांत राहतं गाव मिळतं. ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.

एवढं करूनही दोघे उरले तर कोणालाच जोडू नका. दोघांची नावं बाजूला लिहा आणि कुठला कागद मिळाला तर कोण बाद होईल, हेही तिथेच टिपून ठेवा.